अंगणातलं घंगाळ

परवा पुण्याच्या वन्संचा फोन आला. त्यांचा मुलगा न्यू जर्सीला असतो. इकडच्या-तिकडच्या गप्पा झाल्यावर म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या मुलाकडे अंगणात तो गरम पाण्याचा हौद आहे ना? आमच्याकडेही घ्यायचं चाललंय. घ्यावा का हो? तुमचा अनुभव काय?"

आता मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई. हौद घ्यावा की नाही, हे एका वाक्यात सांगणं मला काही जमलं नाही. "लिहून कळवते" म्हटलं आणि फोन ठेवला. तर मंडळी, ते लिहिणं म्हणजे हे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मुलगा राहतो अमेरिकेत, डेन्व्हरजवळ. २०१४ साली आम्ही दोघं पहिल्यांदा तिकडे गेलो, तेव्हा तो आम्हाला ग्लेनवूड स्प्रिंग्जला घेऊन गेला होता. डोंगरातून तीनेक तासांचा रस्ता. तिथे गरम पाण्याचे नैसर्गिक झरे आहेत. मूळचे ते तिथल्या यूट लोकांचे. गोरे लोक नंतर आले आणि १८८८ साली त्यांनी तिथे भलामोठा तलाव बांधून काढला. आपल्या वज्रेश्वरीची किंवा किनवटजवळच्या उनकेश्वरची आठवण यावी असा गंधकाचा वास. शाळेची सहल मी एकदा उनकेश्वरला नेली होती, तेव्हा मुलींनी नाकाला पदर लावले होते!

आमच्या ह्यांचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून गणित शिकवलं, त्याचा प्रसाद. ग्लेनवूडच्या पाण्यात तासभर बसले आणि बाहेर आल्यावर काठी माझ्या हातात देऊन चालायला लागले. मुलानं ते पाहून ठेवलं असावं. तेव्हा काही बोलला नाही.

मग मध्ये २०१६ साल आलं. त्याबद्दल पुढे सांगते.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही पुन्हा गेलो. घराच्या मागे गेले तर काँक्रीटचा एक नवा चौथरा दिसला. मला वाटलं, सूनबाईनं तुळशीवृंदावनाची सोय केली की काय! पण चौथरा फारच मोठा होता. चार दिवसांनी ट्रक आला आणि चार माणसांनी एक अजस्र पेटी आणून त्यावर ठेवली. "अण्णा, तुमच्या गुडघ्यांसाठी," मुलगा म्हणाला.

हे पेटीभोवती एक फेरी मारून आले. "पाणी किती मावतं?"

"चारशे गॅलन."

"लिटरमध्ये सांग."

"पंधराशे लिटर."

"पंधराशे लिटरमध्ये बसायचं?" एवढंच म्हणाले आणि घरात निघून गेले.

आम्ही लातूरचे. हे वाक्य मी एवढ्यासाठी लिहिलं की, २०१६ चा उन्हाळा ज्यांनी लातुरात काढला त्यांना पुढचं काही सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, म्हणजे हंडे घेऊन पाच बायका एकत्र उभ्या राहिल्या तरी गुन्हा! एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. सुमारे साडेतीनशे किलोमीटर. 'जलदूत' नाव होतं त्या गाडीचं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आल्या, पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. भांडी घासलेलं पाणी संडासाला, अंघोळीचं पाणी कुंडीतल्या तुळशीला. अंघोळ म्हणजे ओल्या पंचानं अंग पुसणं.

त्याच दिवसांत मुलानं दोन लाख रुपये पाठवले. बोअर घ्या म्हणून. ह्यांनी तिसऱ्या दिवशी बँकेत जाऊन ते पैसे परत केले. चिठ्ठी नाही, फोन नाही. मुलाला ते लागलं. त्यानं फोनवर विचारलं, "अण्णा, माझा पैसा तुम्हाला चालत नाही का?" हे म्हणाले, "पाण्याला पैसा लागत नाही." आणि संपलं. त्यानंतर तीन-साडेतीन वर्षं बापलेकांचं बोलणं म्हणजे, "अण्णा, कसे आहात?" "बरा आहे. आईला देतो." दहा सेकंद. मी फोनपाशीच बसलेली असायची, कारण तो माझ्याकडेच येणार हे ठरलेलं.

तर अशा माणसासमोर त्याच्या मुलानं पंधराशे लिटरची पेटी आणून ठेवली होती.

किमतीचं मी विचारलं, ते विचारायला नको होतं. टब, चौथरा, आणि २४० व्होल्टची वेगळी लाइन ओढायला आलेला इलेक्ट्रिशियन, सगळं मिळून साडेनऊ हजार डॉलर. मनातल्या मनात सत्तरनं गुणलं. माझी ग्रॅच्युइटीसुद्धा एवढी नव्हती! चौथऱ्याचं काम आधी मला उधळपट्टी वाटलं होतं, पण त्यात अर्थ आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधराशे लिटर म्हणजे दीड टन. वर पेटीचं वजन, वर चार माणसं. दोन टनांच्या वर भार. साध्या मातीवर ठेवली तर एका बाजूनं खचायची.

बागेच्या नळीनं टब भरायला दोन-अडीच तास लागले. ह्यांनी खिडकीतून पाहिलं आणि मग वीजबिलाच्या पाकिटाच्या पाठीवर गणित मांडलं. दहा अंशांचं पाणी चाळीस अंशांवर न्यायचं, दीड हजार लिटर, म्हणजे बावन्न युनिट वीज. साडेपाच किलोवॉटचा हीटर, म्हणजे साडेनऊ तास. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा म्हणाला, "नऊ-दहा तास लागले." हे काही बोलले नाहीत, पण पाकीट खिशात ठेवलं. मास्तरांना उत्तर जुळल्याचा आनंद लपवता येत नाही.

नातीनं मला या टबाचा इतिहास वाचून दाखवला. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. जकूझी हे खरं तर आडनाव आहे. आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणायचे, तसं तिकडे कुठल्याही अशा टबाला 'जकूझी' म्हणतात. उत्तर इटलीतून कॅलिफोर्नियात आलेले सात भाऊ. आधी विमानांचे पंखे करायचे, मग विमानही केलं. १९२१ साली त्यांचं विमान पडलं, त्यात एक भाऊ गेला. मग विमानं सोडली आणि विहिरीतून पाणी उपसायचे पंप करायला लागले. पुढे त्यांच्यातल्या एकाच्या लहानग्या मुलाला संधिवात झाला. दवाखान्यात पाण्याच्या झोताचा शेक दिला की पोराला बरं वाटायचं, पण रोज दवाखाना कसा जमणार? म्हणून घरातल्या साध्या टबात ठेवता येईल असा पंप त्यांनी तयार केला. १९६८ च्या सुमारास त्याच घराण्यातल्या पुढच्या पिढीतल्या एकानं पंप टबातच बसवून टाकला आणि मग ती चैनीची वस्तू झाली.

हे पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, "म्हणजे मूळचे विहिरीच्या पंपवाले." त्या स्वरात जरा मऊपणा होता, असं मला वाटलं.

पण टबात बसायला तयार नव्हते. आठवडाभर त्यांचं वेगळंच काहीतरी चाललं होतं. न्हाणीघरात बादली आणि घड्याळ घेऊन गेले, शॉवर किती पाणी सोडतो ते मोजायला. मिनिटाला आठ लिटर. इथली मंडळी दहा मिनिटं शॉवरखाली उभी राहतात, म्हणजे माणशी ऐंशी लिटर. मग मुलाला विचारलं, "तुझ्या टबातलं पाणी किती दिवसांनी बदलायचं?"

"तीन-साडेतीन महिन्यांनी."

शंभर दिवस धरले. पंधराशे भागिले शंभर, रोजचे पंधरा लिटर. एक बादली! घरातली पाच माणसं, माणशी तीन लिटर. झाकण घट्ट असेल तर वाफही फारशी जात नाही. रात्री जेवताना त्यांनी निकाल जाहीर केला. "दोषी टब नाही. दोषी तुमची ती समोरची हिरवळ. तिला उन्हाळ्यात लागतं तेवढ्यात लातूरचं एक घर जगेल." आणि जरा थांबून म्हणाले, "आपल्याकडे आलेली पहिली गाडी म्हणजे असे तीनशे तेहतीस टब."

कुणी काही बोललं नाही. पण दिवाळीच्या पहाटे बसतो म्हणाले.

आणि इथे मोठी गंमत झाली. गंमत आता म्हणते, तेव्हा रडू यायचं बाकी होतं! त्या वर्षी २७ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी होती. मी पहाटे उठून ह्यांना पाटावर बसवलं. चांगलं रगडून तेल लावलं, उटणं लावलं, ओवाळलं. आणि अभ्यंगस्नानाला हे तसेच जाऊन बसले टबात! बाहेर अंधार, थंडी, वाफा... लहानपणी आमच्याकडे तांब्याचा बंब होता. तुराट्या-पऱ्हाट्या घालून पेटवायचा. घंगाळात कढत पाणी काढायचं, त्यात विसण घालायचं. दिवाळीच्या पहाटे त्या धुराचा आणि उटण्याचा वास एकत्र यायचा. मला वाटलं, अंगणात घंगाळच आलंय, माणूस आत मावेल एवढं.

मुलानं बटण दाबलं. झोत सुरू झाले. आणि दोन मिनिटांत टबातून फेस वर यायला लागला. दूध उतू जावं तसा. नात टाळ्या पिटत होती आणि मुलगा कपाळाला हात लावून उभा होता. तेल, उटणं, चंदन, सगळं त्या पाण्यात. गाळणीत गच्च लगदा बसला. पाणी फेकून देण्यावाचून इलाज नव्हता.

पंधराव्या तारखेला भरलेलं पाणी सत्तावीसला गेलं. हे पाकीट काढून बसले. पंधराशे भागिले बारा, रोजचे सव्वाशे लिटर. दिवाळीचा फराळ त्यांच्या घशाखाली उतरेना. शेवटी मी म्हटलं, "अहो, तेल मी लावलंय, पाप माझं." तेव्हा कुठे चकली तोंडात घातली. पाणी गटारात सोडू दिलं नाही. टबात क्लोरीन असतं, ते झाडांना बाधतं. म्हणून झाकण उघडं ठेवून क्लोरीन उडून जाईपर्यंत थांबले आणि मग पट्टी बुडवून खात्री करून ते पाणी थोडं थोडं करून झाडांना घातलं. पंधराशे लिटर. गुडघे दुखत असताना.

त्यानंतर त्या पाण्याचा कारभार ह्यांनी हातात घेतला. दोनशे पानी वही आणली. रोज सकाळी कागदाची पट्टी पाण्यात बुडवायची, तिचे रंग बाटलीवरच्या रंगांशी ताडून पाहायचे आणि वहीत नोंद करायची. पीएच ७.२ ते ७.८ च्या मध्ये हवा. कमी झाला तर धातू खातो, जास्त झाला तर पाणी गढूळ होतं आणि क्लोरीन असून नसल्यासारखं. क्लोरीन कमी पडलं तर कोमट पाण्यात जंतू माजतात, अंगावर पुरळ येतं, फुप्फुसाचे गंभीर आजारसुद्धा होऊ शकतात. गाळणी दर आठवड्याला धुवायची. आत जाण्याआधी साबणानं अंग धुऊन यायचं, तेल, क्रीम, पावडर काही नको. सुती कपडे नकोत, त्यांचे तंतू गाळणीत अडकतात. सगळे आकडे देवनागरीत. नात रोज शेजारी बसायची. तिला देवनागरी अंक लिहिता येतात, ते त्या वहीमुळे. मी तीन वर्षं फोनवरून शिकवत होते, तिला काही आले नव्हते!

जानेवारीत मात्र घात झाला असता. एका रात्री बाकीचे जेवणाचं आवरत असताना हे एकटेच जाऊन बसले. बाहेर शून्याखाली आठ. पाणी चाळीस अंश, म्हणजे तिकडच्या मापात एकशे चार. याहून जास्त गरम करायचंच नसतं, आणि वय झालेल्यांनी एवढंही नको. हे पंचवीस मिनिटं बसले, त्यात रक्तदाबाची गोळी नुकतीच घेतलेली. गरम पाण्यानं रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब खाली येतो, हे विज्ञानाच्या मास्तरांना मी सांगायचं का? झटकन उभे राहिले, एक पाय बाहेर टाकला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. धप्प आवाज झाला. मी चपला न घालता बर्फातून धावले. देवाची कृपा, बर्फाचा ढीग होता, त्यात पडले. कोपर सोललं, गुडघा सुजला, एवढ्यावर निभावलं.

त्या रात्री मुलगा त्यांच्यावर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा. "तुम्हाला काही झालं असतं तर? मी हे तुमच्यासाठी आणलंय, तुम्हाला मारायला नाही!" हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी फ्रीजवर नियम लागले. नातीच्या अक्षरात. पाणी शंभरच्या वर नाही, म्हणजे आपले अडतीस अंश. बारा मिनिटं, गजर लावून. आधी एक पेला पाणी प्यायचं. उठताना हळू. आणि शेवटचा नियम: आजोबांनी एकट्यानं बसायचं नाही.

मी बसणार नव्हते. पोहायचा पोशाख घालून उघड्यावर? मेले तरी नाही! सूनबाईला संकोच. नातीला शाळा, लवकर झोप. उरला कोण? मुलगा. म्हणून रोज रात्री साडेनऊला बापलेक त्या पाण्यात समोरासमोर. तिथे टीव्ही नाही, फोन नेता येत नाही आणि बारा मिनिटं उठून जाता येत नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. वाफेत दोन डोकी. पहिले काही दिवस दोघंही आभाळाकडे बघत. मग एके दिवशी ह्यांचा हात हलताना दिसला, फळ्यावर आकृती काढताना हलायचा तसा.

आमचं परतीचं तिकीट एप्रिलचं होतं. मार्चमध्ये विमानं बंद झाली. बाकीचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही नोव्हेंबर २०२० पर्यंत तिथेच होतो. शेजाऱ्यांनी त्या उन्हाळ्यात असाच टब मागवला, त्यांना कित्येक महिने थांबा असं सांगितलं, इतकी मागणी होती. सगळं जग घरात अडकलं होतं आणि आमच्या अंगणात रोज रात्री बारा मिनिटांची शाळा भरत होती.

काय बोलत होते, ते मला पुष्कळ नंतर कळलं. मुलानं सांगितलं.

१९७२ साली ह्यांचं बी.एस्सी. झालेलं होतं, नोकरी लागायची होती. तेव्हा आमचा भाग उस्मानाबाद जिल्ह्यात होता. पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर हजेरी लिहायचं काम ह्यांना मिळालं. बायका-माणसं खडी फोडायची, दुपारी सुकडी मिळायची. एका सकाळी हजेरी घेताना यादीत स्वतःच्या वडिलांचं नाव आलं. बारा एकरांचे धनी. घरी काही न सांगता आले होते. मुलाला ओळख द्यावी लागू नये म्हणून पटक्याचा शेव तोंडावर ओढून रांगेत बसले होते. ह्यांनी नाव पुकारलं. सासरे म्हणाले, "हजर." ह्यांनी लिहिलं, हजर. संध्याकाळी दोघं वेगवेगळ्या वाटेनं घरी आले आणि त्यावर कधीही बोलले नाहीत.

त्याच वर्षी आमच्या शेतातली विहीर खोल करायला एकजण पैसे देत होता. सासऱ्यांनी घेतले नाहीत. आपली खोल गेली की खालच्या अंगाच्या विहिरीचा झरा तुटणार. खडी फोडीन, पण दुसऱ्याचं पाणी ओढणार नाही, असं म्हणाले म्हणे. २०१६ साली बोअर घ्यायची तर सात-आठशे फूट जावं लागलं असतं. शेजारच्या काकूंची जुनी बोअर अडीचशे फुटांची, दिवसाला चार हंडे द्यायची. ह्यांनी पैसे परत केले ते त्यासाठी. मुलाच्या पैशाचा राग नव्हताच.

"मग तेव्हाच सांगायचं होतंत ना, अण्णा," मुलगा म्हणाला.

"सांगायचं तर १९७२ पासून सांगावं लागलं असतं," हे म्हणाले. "फोनवर एवढं कुठे सांगतो?"

मंडळी, खरं सांगते, हे ऐकलं तेव्हा मला आधी वाईट वाटलं आणि मग रागही आला. पंचेचाळीस वर्षांहून जास्त संसार केला. सासऱ्यांना जेवायला वाढलं, त्यांचं दुखणं-खुपणं काढलं. मला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं! बोअरचे पैसे परत केले तेव्हा मीही "हेकट आहात" म्हणून आठ दिवस अबोला धरला होता. पण मला सांगायला ह्यांच्याकडे वेळ नव्हता असं थोडंच होतं? बहुतेक समोरासमोर बसून बारा मिनिटं काहीच न करण्याची आम्हाला दोघांना सवयच नव्हती. मी कायम काहीतरी निवडत, टिपत, तपासत असायची. पेपरांचे गठ्ठे असायचे.

अजून एक गोष्ट. कोलोरॅडोत पाण्याचा कायदा कडक आहे. ज्यानं आधी वापर सुरू केला, त्याचा हक्क पहिला. तुमच्या छपरावर पडलेला पाऊससुद्धा खाली कुणाच्या तरी हक्काचा. म्हणून साध्या घरवाल्यांना छपराचं पाणी पिंपात साठवायला कितीतरी वर्षं बंदी होती. ती उठली २०१६ साली. आमच्याकडे रेल्वेनं पाणी येत होतं त्याच वर्षी! परवानगी फक्त दोन पिंपांची, मिळून ११० गॅलन, म्हणजे चारशे सोळा लिटर. हे ऐकून ह्यांना केवढा आनंद झाला! "बघ, तुझ्या आजोबांचाच कायदा आहे इथे," असं मुलाला म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी दोन पिंपं आणायला लावली. समोरची अर्धी हिरवळही काढायला लावली.

आम्ही परत आलो. फोन यायचे. आता फोन माझ्याकडे यायला पाऊण तास लागायचा.

२०२३ च्या पावसाळ्यात हे गेले. झोपेतच. मांजरा धरणात पाणी किती आलं, हे रात्री पेपरात बघून झोपले होते.

आता मी वर्षातले पाच-सहा महिने मुलाकडे असते. गेल्या हिवाळ्यात टबाचा हीटर गेला. झाकणही पाणी पिऊन एवढं जड झालं होतं की दोघांना उचलेना. दुरुस्ती चौदाशे डॉलर. थंडीत पाणी गोठून नळ्या फुटायच्या आत ठरवायला हवं होतं. मुलगा म्हणाला, "आई, काढून टाकूया का? तसंही अण्णांच्या गुडघ्यांसाठीच होता." वही स्वयंपाकघराच्या कपाटात आहे. अण्णांच्या नोंदी संपतात तिथून मुलाच्या सुरू होतात. मधली दोन-चार पानं नातीची. आकडे सगळे देवनागरीत.

मी म्हटलं, "दुरुस्त कर."

सूनबाईनं माझ्यासाठी पोशाख आणला. नायलॉनचा, मनगटापर्यंत बाह्या, घोट्यापर्यंत विजार. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी आरशात बघितलं आणि एकटीच हसले. साबणानं अंग धुतलं, एक पेला पाणी प्याले, मुलाचा हात धरून आत उतरले. पाठीला झोत लागले, पाय हलके झाले. वर चांदणं होतं. नातीनं गजर लावला. ती आता उंच झाली आहे, तरी गजर तीच लावते.

थोडा वेळ मीही आभाळाकडे बघितलं. मग मुलाला म्हटलं, "अण्णांनी तुला आणखी काय काय सांगितलं, ते सांग."

त्यानं सांगायला सुरुवात केली. एक गोष्ट अर्ध्यावर आली आणि गजर वाजला. "उरलेलं उद्या," तो म्हणाला, आणि मी हळू उठले.

तर वन्सं, घ्यावा का याचं उत्तर. चौथरा नीट करा, वीज जाणत्याकडूनच जोडून घ्या, झाकण चांगल्यातलं घ्या, पट्टी रोज बुडवा, दिवाळीला तेल लावून आत जाऊ नका. पाण्याचा हिशेब वर दिला आहे, तो ह्यांनी केलेला आहे, चूक असणार नाही. एवढं जमणार असेल तर घ्या. जमणार नसेल तर दोन पाट घ्या, समोरासमोर मांडा आणि बारा मिनिटांचा गजर लावा. थंडीत शेगडी पेटवा हवी तर.

असो. गाळणी धुवायची आहे. आज माझी पाळी.